हैतीची भूक निसर्गाने दिलेली नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर हैतीविषयीच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्या येतात हेच मुळात समाधानाचे आहे. कारण कॅरिबियन समुद्रातील एवढ्या दूरच्या आणि एवढ्या लहान देशाची दखल घेण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. मात्र या बातम्यांचा साचा आता ठरून गेला आहे. आधी सशस्त्र टोळ्यांचा गोळीबार, मग मृतांचा आकडा आणि अखेरीस ‘पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश’ हे विशेषण. ते विशेषण वाचून वाचकाचा असा समज होतो की, गरिबी हा त्या भूमीचा गुणधर्मच असावा, जसा तिथला उकाडा किंवा तिथली चक्रीवादळे. या समजाला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हैतीची गरिबी, आणि विशेषतः तिथली भूक, कशी घडत गेली याचा हिशेब सनावळीसह मांडता येतो, आणि तो मांडल्याखेरीज आजच्या गोळीबाराचाही अर्थ लागत नाही.

आधी आजची स्थिती पाहू. हैतीची लोकसंख्या एक कोटी वीस लाखांच्या आसपास आहे. त्यांपैकी सुमारे ५७ लाख लोक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, २०२५ मध्ये तीव्र अन्नटंचाईत जगत असल्याचे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या पाहणीत नोंदले गेले. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत टोळ्यांच्या दहशतीमुळे घर सोडून पळालेल्यांची संख्या १३ लाखांवर गेली होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले आहेत. ही माणसे राहतात कुठे, तर शाळांमध्ये, ओस पडलेल्या सरकारी इमारतींमध्ये, चर्चच्या आवारात आणि नातेवाइकांच्या आधीच भरलेल्या घरांत. ज्या वर्गात मुलांनी शिकायचे त्याच वर्गात काही कुटुंबे चादरींचे आडोसे करून राहतात, म्हणजे एकाच वेळी एका मुलाचे घर जाते आणि दुसऱ्याची शाळा. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये भुयारी गटारांची व्यवस्था कधी उभीच राहिली नाही. शौचकूप रात्रीच्या अंधारात हाताने उपसणारे कामगार तिथे आजही आहेत आणि पाऊस झाला की उघड्या नाल्यांतली घाण खालच्या वस्त्यांमध्ये शिरते. विजेची जोडणी देशातील निम्म्या लोकांपर्यंतही पोहोचलेली नाही. स्वयंपाक बहुतांशी कोळशावर होतो. तो कोळसा डोंगरातली झाडे तोडून तयार होतो आणि झाडे गेली की उतारावरची माती पावसाबरोबर समुद्राला मिळते.

इथपर्यंतचे वर्णन कमीअधिक फरकाने सर्वत्र वाचायला मिळते. माझा मुद्दा यापुढे सुरू होतो आणि तो भाताच्या शेतीपासून सुरू होतो.

आर्तिबोनीत ही हैतीतील सर्वांत मोठी नदी आणि तिच्या काठचे खोरे म्हणजे देशाचे भाताचे कोठार. भात हे हैतीच्या रोजच्या जेवणातले मुख्य अन्न. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हा देश आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. शेतकऱ्याकडे जमीन थोडी होती, कालवे जुने होते, खते आणि कर्ज यांची वानवा होती, तरीही आयात तांदळावरील जकातीच्या आधाराने तो तग धरून होता. १९८६ मध्ये दुवालिए पितापुत्रांची हुकूमशाही संपली आणि सत्तेवर आलेल्या लष्करी मंडळाने आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या सल्ल्यानुसार बाजार खुला करायला सुरुवात केली. १९९१ च्या लष्करी बंडात पदच्युत झालेले निर्वाचित अध्यक्ष ज्याँ-बर्त्रां आरिस्तीद यांना अमेरिकेने ऑक्टोबर १९९४ मध्ये सैन्याच्या साहाय्याने परत आणले, तेव्हा त्या पुनरागमनासोबत आर्थिक सुधारणांच्या अटीही आल्या. तांदळावरील जकात अवघ्या ३ टक्क्यांवर आणली गेली. अमेरिकेतील शेतकऱ्याला त्याच्या सरकारकडून भरघोस अनुदान मिळत होते आणि हैतीच्या सरकारला मात्र आपल्या शेतकऱ्याला जकातीचे संरक्षणही देण्याची मुभा राहिली नाही. अशा सामन्याचा निकाल काय लागणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. आज हैतीत खाल्ला जाणारा बहुतांश तांदूळ परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून, येतो.

हा केवळ टीकाकारांचा आरोप असता तर त्यावर वाद घालता आला असता. परंतु हे धोरण ज्यांच्या कारकिर्दीत राबवले गेले त्या बिल क्लिंटन यांनीच मार्च २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर जाहीरपणे सांगितले की, या धोरणाचा लाभ कदाचित आपल्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण ती चूक होती, आणि त्यामुळे हैतीची स्वतःचे अन्न स्वतः पिकवण्याची क्षमता नष्ट झाली. एवढ्या मोठ्या पदावर राहिलेल्या माणसाने एवढ्या स्पष्टपणे दिलेली कबुली विरळाच. दुर्दैवाने कबुलीने ओसाड पडलेली खाचरे पुन्हा लागवडीखाली येत नाहीत आणि जकातीचा दरही त्या कबुलीनंतर पूर्ववत झाला नाही.

भाताच्या आधी डुकरांचे प्रकरण घडले होते, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. हैतीतील गरीब शेतकऱ्याच्या परसात काळ्या, काटक, गावठी जातीचे डुक्कर असे. ते पडेल ते खाऊन वाढे, आणि मुलाच्या शाळेची फी, घरातले आजारपण किंवा अंत्यविधी असा मोठा खर्च आला की विकले जाई. बँक नसलेल्या गावात कुटुंबाची शिल्लक याच रूपात असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डुकरांमधील आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ बेटावर पोहोचली, आणि ती उत्तर अमेरिकेत पसरू नये म्हणून अमेरिकेच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत हैतीतील ही संपूर्ण जात जवळजवळ नष्ट करण्यात आली. भरपाई अनेकांना मिळाली नाही किंवा पुरेशी मिळाली नाही. पुढे अमेरिकेतून जी डुकरे आणली गेली त्यांना सिमेंटची जमीन, छप्पर, स्वच्छ पाणी आणि विकतचे खाद्य लागे. ज्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या झोपडीची जमीन मातीची होती त्याने ही डुकरे कशी पाळावीत? लोक त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणत. एका पिढीची बचत अशी काही महिन्यांत नाहीशी झाली.

शेत गेले, जनावर गेले, तेव्हा माणसे शहराकडे निघाली. काही लाख लोकवस्तीच्या सोयीने वाढलेली राजधानी वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या कित्येक पट फुगली. सिते सोलेयसारख्या समुद्रकाठच्या दलदलीच्या वस्त्या आणि डोंगरउतारावर एकमेकांच्या डोक्यावर चढलेली सिमेंटची घरे ही त्या स्थलांतराची देन आहे. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत रोजगार मिळेल असे आश्वासन होते. काहींना तो मिळालाही. परंतु निर्यातीसाठी कपडे शिवणाऱ्या कामगाराची किमान मजुरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर वाढली ती दिवसाला ६८५ गूर्दपर्यंत (गूर्द हे हैतीचे चलन), आणि कामगारांची मागणी १,५०० गूर्दची होती. आयात केलेल्या तांदळाची किंमत डॉलरवर ठरते आणि गूर्दची किंमत सतत घसरते, त्यामुळे मजुरी वाढल्याचा आनंद बाजारात पोहोचेपर्यंतच टिकतो.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपाकडे मी याच दृष्टीने पाहण्याची विनंती करीन. त्या भूकंपाची तीव्रता ७.० होती. मृतांच्या संख्येबद्दल एकमत नाही. अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्या पुढे जातात. सुमारे १५ लाख लोक बेघर झाले. त्यानंतर दीडेक महिन्याने चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा, म्हणजे कित्येक पटींनी शक्तिशाली, भूकंप झाला आणि तिथे पाचशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रबिंदू आणि खोली यांतील फरक मान्य करूनही ही तफावत केवळ भूगर्भशास्त्राने उलगडत नाही. चिलीमध्ये बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जात होते. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये गावाकडून आलेल्या लोकांनी परवडेल तशा वाळूसिमेंटने, लोखंड वाचवून, उतारावर घरे बांधली होती. जमीन हादरली तेव्हा त्यांची तीच घरे त्यांच्यावर कोसळली.

भूकंपानंतर जगभरातून मदत आली आणि देणाऱ्यांची भावना खरी होती याविषयी मला शंका नाही. तरीही मदतीचा फारच थोडा वाटा हैतीच्या सरकारच्या किंवा हैतीतील संस्थांच्या हाती पडला. बहुतेक पैसा परदेशी संस्था आणि कंत्राटदार यांच्यामार्फत खर्च झाला. फुकट तांदळाचे ढीग आले आणि आर्तिबोनीतच्या शेतकऱ्याला त्याच्या साळीला गिऱ्हाईक मिळेना. त्या वेळचे अध्यक्ष रने प्रेवाल यांना दोन महिन्यांच्या आतच अशी विनंती करावी लागली की, बाहेरून अन्न येत राहिले तर ते देशातील उत्पादनाशीच स्पर्धा करील. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच आर्तिबोनीतच्या पाण्यातून कॉलरा पसरला. मीरबाले गावाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैला नदीच्या उपप्रवाहात मिसळला होता. त्याआधी किमान शंभर वर्षे हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी क्षमा मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. पीडितांनी दाखल केलेला दावा राजनैतिक संरक्षणाच्या आधारे अमेरिकी न्यायालयात फेटाळला गेला. मदत करायला गेलेल्यांनी रोग नेला आणि त्याची जबाबदारी झटकण्यात सहा वर्षे घालवली, हे वाचताना संताप होतो, आणि तो व्हायलाच हवा.

हा हिशेब मागे नेला तर तो १८२५ पर्यंत पोहोचतो. तेव्हा फ्रान्सची वसाहत असलेल्या या भूमीत गुलामगिरीत राबणाऱ्या लाखो आफ्रिकी माणसांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनच्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र हैतीची घोषणा केली. इतिहासात याला दुसरी जोड नाही. एकवीस वर्षांनी फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून मागणी केली की, स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्यावेत. आणि त्या नुकसानीत मुक्त झालेली माणसेही धरलेली होती. पहिला हप्ता भरण्यासाठी हैतीला फ्रान्समधील बँकांकडूनच ३ कोटींचे कर्ज घ्यावे लागले आणि त्यातले ६० लाख बँकांनी आधीच कापून घेतले. रक्कम १८३८ मध्ये ९ कोटींवर आणली गेली, पण त्या ओझ्यातून निघालेल्या कर्जांचा शेवट व्हायला १९४७ साल उजाडले. मधल्या काळात, १९१५ ते १९३४, अमेरिकी सैन्य देशात होते. त्याच्या आगमनाच्या काही महिने आधी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने नौसैनिकांनी न्यूयॉर्कला नेले होते. ज्या शतकात इतर देश रस्ते, शाळा आणि कालवे बांधत होते त्या शतकात हैतीचा शेतकरी कॉफी पिकवून परदेशी धनकोंचे व्याज भरत होता.

यातून हैतीच्या राज्यकर्त्यांना दोषमुक्त करण्याचा माझा हेतू नाही. दुवालिए घराण्याने १९५७ पासून १९८६ पर्यंत देश लुटला आणि विरोधकांना मारले. आयातीचा व्यापार मूठभर श्रीमंत कुटुंबांच्या हाती आहे आणि स्थानिक शेती कोसळल्याने त्यांचा तोटा झालेला नाही. व्हेनेझुएलाच्या स्वस्त तेलाच्या योजनेतून आलेल्या सुमारे दोनशे कोटी डॉलरचे काय झाले, असे विचारत २०१८ मध्ये तिथली तरुण पिढी रस्त्यावर उतरली. तिला समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. राजकारण्यांनीच निवडणुकांसाठी वस्त्यांतील टोळ्यांना पोसले आणि आज त्या टोळ्या पोसणाऱ्यांनाही जुमानत नाहीत. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली, जानेवारी २०२३ पासून देशात राष्ट्रीय पातळीवर एकही निर्वाचित लोकप्रतिनिधी उरला नाही, आणि २०२४ या एका वर्षात ५,६०० हून अधिक माणसे हिंसाचारात मारली गेली.

आता टोळ्यांकडे वळू. या टोळ्यांमधील तीस ते पन्नास टक्के सदस्य मुले असल्याचा युनिसेफचा अंदाज आहे. दोन वेळचे जेवण आणि थोडे पैसे एवढ्यासाठी मूल बंदूक हाती घेते, कारण शाळा बंद आहे आणि घरी चूल पेटलेली नाही. बंदुका हैतीत बनत नाहीत. त्या बहुतांशी अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून, जहाजांमधील मालात लपवून येतात, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंदलेले आहे. २०२२ पासूनचे शस्त्रबंदीचे निर्बंध कागदावर आहेत. टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग आणि तिला उत्तर व दक्षिणेशी जोडणारे राष्ट्रीय महामार्ग ताब्यात घेतले आहेत. जून २०२१ पासून मार्तिसां या भागातून दक्षिणेकडे जाणे जिवावरचे झाले. मार्च २०२४ मध्ये बंदर बंद पडले, तेव्हा आयात धान्यावर जगणाऱ्या शहराचे काय होते हे दिसले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आर्तिबोनीतच्या भातपट्ट्यातील पाँ-साँदे या गावात टोळीने शंभराहून अधिक लोकांना ठार मारले. ज्या खोऱ्याने देशाला जेवू घातले असते तिथेच आज शेतात जाण्यासाठी टोळीला पैसे द्यावे लागतात, आणि म्हणून अनेकांनी जमिनी पडीक सोडल्या आहेत.

अशा परिस्थितीतही देश उपाशीपोटी पूर्ण कोसळत नाही, याचे श्रेय ज्या स्त्रियांना आहे त्यांचा उल्लेख बातम्यांत क्वचितच येतो. हैतीत त्यांना ‘मादान सारा’ म्हणतात. गावोगाव फिरून त्या भाजी, शेंगा, केळी, साळ विकत घेतात, टपावर माल लादलेल्या ट्रकमधून शहराच्या बाजारात आणतात आणि किरकोळ विक्रेतींना उधारीवर देतात. देशाच्या शेतमालाची वाहतूक, पतपुरवठा आणि वितरण बव्हंशी यांच्या खांद्यावर आहे. नाक्यानाक्यावर टोळ्या त्यांच्याकडून पैसे उकळतात, त्यांचे अपहरण होते, अत्याचार होतात, बाजार जाळले जातात. आणि तरी त्या पुन्हा निघतात, कारण घरातली मुले त्यांच्याच कमाईवर जगतात.

असेच दुसरे उदाहरण ईशान्येकडील वानामँत या सीमेवरच्या गावाचे. तिथल्या शेतकऱ्यांनी मासाकर नदीचे पाणी मारिबारू मैदानात आणण्यासाठी २०२३ मध्ये स्वतःच कालव्याचे अर्धवट काम पुन्हा हाती घेतले. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने निषेध म्हणून सप्टेंबरमध्ये सीमा बंद केली, तरी काम थांबले नाही. परदेशात गेलेल्या हैतीवासीयांनी पैसे पाठवले, गवंडी आणि मजूर श्रमदानाला आले, बायकांनी जेवण रांधले. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची ‘कोंबित’ ही तिथली जुनी ग्रामीण प्रथा आहे. तिच्यातूनच हा कालवा उभा राहिला. ज्या लोकांना जगाने केवळ मदतीच्या रांगेत उभे असलेले पाहिले आहे, त्यांनी हे काम करून दाखवले.

म्हणून हैतीला मदत करण्याची चर्चा होते तेव्हा ती धान्य कोठून घेतले जाणार या प्रश्नापासून सुरू व्हावी असे मला वाटते. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथल्या शालेय आहारासाठी स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदी वाढवली आहे. एका ताटाने मुलाचे पोट भरते आणि शेतकऱ्याचा मालही विकला जातो. याच प्रकारच्या कामांसाठी आणि निवारा-औषधांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी ९० कोटी ८० लाख डॉलरचे आवाहन केले होते. वर्ष अर्धे सरले तरी त्याच्या दहा टक्केही निधी जमला नव्हता. त्याच काळात परदेशी सुरक्षादले किती पाठवायची यावर मात्र सुरक्षा परिषदेत बैठकांवर बैठका होत होत्या. टोळ्यांना आवरण्यासाठी बळ लागेल हे मला मान्य आहे. पण टोळीतून सोडवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी खायला काय मिळणार, याची तरतूद त्या बळासोबत जायला हवी.

आपल्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. हैतीची पुढची बातमी छापताना तिथल्या बाजारात तांदूळ कुठून येतो आणि टोळ्यांच्या हातात बंदूक कुठून येते, ही दोन वाक्ये त्या ठरावीक विशेषणाच्या जागी यावीत. आणि एप्रिल २०२५ मध्ये, १८२५ च्या त्या खंडणीला दोनशे वर्षे पूर्ण होताना, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांतील इतिहासकारांचा जो संयुक्त आयोग जाहीर केला आहे, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होतील तेव्हा परतफेडीबद्दल त्यात काय म्हटले आहे आणि काय टाळले आहे, याचा सविस्तर वृत्तांत आपल्या दैनिकाने द्यावा.

कळावे,

आपल्या दैनिकाचा एक नियमित वाचक